छत्रीवालीवरचा पहारा

आमच्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी एकनंतर कुत्र्यालाही रस्ता ओलांडायचा असेल तर ते सावली बघून ओलांडतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, माणसं कडक भाकरी आमटीत चुरून खातात आणि कूलरच्या तोंडासमोर आडवी होतात. रात्री याच्या बरोबर उलट. गच्च्या, ओटे, कट्टे माणसांनी भरलेले, आणि झोप कुणालाच नको असते. या एका सवयीवर मी एक सिद्धान्त बांधला होता. त्या सिद्धान्ताचं पुढे काय झालं, ते मी लग्नाच्या पंगतीत, दुकानात, प्रवासात कितीतरी वेळा रंगवून सांगितलं आहे. कंडक्टरकाकांच्या शिट्टीपाशी हमखास टाळी मिळते आणि टाळी मिळाली की मी तिथेच थांबतो. घरी पाहुण्यांसमोर सांगत असलो तर नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरात एखादं भांडं जरा जोरात आपटतं. गोष्ट शिट्टीपाशी संपत नाही हे माझ्या बायकोला माहीत आहे.

तर आज शिट्टीच्या पुढचंही लिहितो.

सुरुवात खोटी नव्हती. आमच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला बसतो. त्याचा तरणाताठा मुलगा यंत्रमागावर कामाला होता. एका सकाळी तो बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे बेशुद्ध सापडला. तोंडाला फेस, खिशात कसल्याशा गोळ्या. वाचला, पण दवाखान्यातून परत आला तो दुसराच कुणीतरी. बाप इस्त्री फिरवतो आणि मुलगा शेजारी बसून नुसता कोळशाकडे बघत राहतो. आमच्या गल्लीत हे विष कुठून येतं, या प्रश्नानं सगळेच हादरले.

पोलीस ठाण्याचे साहेब आमच्या गणपती मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. मोजकंच बोलले. "संशयास्पद दिसलं तर आम्हाला कळवा. स्वतः तिथं जाऊ नका. आणि कुणाचंही नाव चारचौघांत घेऊ नका. आमची चूक झाली तर आम्ही कागदावर दुरुस्त करू शकतो, गल्लीच्या तोंडावर करू शकत नाही."

आभार मी मानले. साहेबांच्या भाषणापेक्षा माझे आभार लांबले, हे मान्य. पण काय करणार, विसर्जन मिरवणुकीचा माईक वर्षानुवर्षं माझ्याच हातात असतो. चादरी-टॉवेलच्या दुकानात गिऱ्हाईक एक टॉवेल घ्यायला येतं आणि माझं ऐकत ऐकत चार चादरी घेऊन जातं. देवानं गळा दिला आहे, त्याला मी कधी कुलूप लावलं नाही.

समिती स्थापन झाली. प्रमुख दोनच माणसं, मी आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. काकांनी नोकरी सोडली होती, शिट्टी सोडली नव्हती. ती त्यांच्या गळ्यात असायची, अंघोळीच्या वेळीही, असं काकू म्हणत. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानटपरीच्या बाकड्यावर आमची बैठक भरे. टपरीवाला आदरानं पहिलं पान आम्हालाच लावून द्यायचा.

तिथंच मी सिद्धान्त मांडला. "काका, रात्री अख्खी गल्ली जागी असते. चोराला रात्र सोयीची कुठं? त्याला सोयीची दुपार. दुपारी एक ते चार जो माणूस उन्हात फिरताना दिसेल तो आपला संशयित."

"वा!" काका म्हणाले. "आणि पोस्टमन?"

"पोस्टमन सोडून."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारची झोप देशाला अर्पण केली. कूलरच्या बाजूच्या फटीतून रस्ता छान दिसायचा. आणि पहिल्याच आठवड्यात सिद्धान्त खरा ठरला! समोरच्या ओळीतलं शेवटचं घर अक्कांचं. अक्का विड्या वळतात, एकट्या राहतात, घरात तेलुगू बोलतात आणि आमच्याशी गोड मराठी. दारावर जुन्या चादरीचा पडदा. त्या पडद्याआड ऐन उन्हात माणसं शिरत होती. गमछा बांधलेला एक म्हातारा, मागावरचा एक कामगार आणि हिरवी छत्री घेतलेली एक तरुण बाई. एकेक जण यायचा, इकडेतिकडे बघायचा, आत जायचा, पेलाभर पाणी पिण्याइतका वेळ थांबायचा आणि तोंड पुसत बाहेर पडायचा. छत्रीवाली तर एकदा पायरीवर डोकं धरून बसलीच. नशा चढल्यावर माणूस असाच बसतो ना?

काकांनी अक्कांच्या कचऱ्यातून चकचकीत वेष्टणाचे तुकडे आणले. त्यावरचं नाव कात्रीनं कापून टाकलेलं.

"नाव का कापलं?" काका कुजबुजले. "सांगा, का कापलं?"

मला आनंदानं घाम फुटला.

मी गल्लीच्या ग्रुपवर आवाजी संदेश पाठवायला सुरुवात केली. हेतू फक्त माहिती देण्याचा होता, पण माहिती माझ्या तोंडून सपक कशी निघणार? "नमस्कार मंडळी! कूलरच्या आडून आपला सेवक बोलतो आहे. मैदानावर ऊन रणरणतंय, प्रेक्षक घोरतायत, आणि हे पाहा, देवळाच्या बाजूनं हिरवी छत्री मैदानात दाखल! छत्रीवालीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, छत्री मिटली, आणि पडद्याआड! पंच अक्का आत सज्ज आहेत..." लोक अक्षरशः वाट बघू लागले. शेजारच्या गल्लीतले लोक 'आम्हालाही ग्रुपवर घ्या' म्हणून मागे लागले. पुण्याला गेलेली पोरं तिकडून हसण्याची चित्रं पाठवायची. छत्रीवाली हे नाव मीच दिलं, आणि ते असं चिकटलं की लहान मुलंही म्हणू लागली.

बायकोनं एकदाच विचारलं. "अहो, अक्का हो? माझ्या बाळंतपणात महिनाभर डाळ-भात घेऊन येत होत्या, त्या अक्का? जाऊन विचारा की सरळ."

"विचारलं तर सावध होतील."

"मग मी विचारते."

"अजिबात नाही! सगळा तपास बिघडेल."

तपास! हा शब्द मी घरात लुंगीवर बसून वापरला.

शेवटी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंत. आम्ही बघतो. ग्रुपवर मात्र काही टाकू नका." मी हो म्हणालो. खरं तर आदल्या रात्रीच मी टाकून बसलो होतो, "मंडळी, या आठवड्यातली एकही दुपार झोपून घालवू नका. मोठा खेळ येतोय."

आणि ती दुपार आली. एक महिला पोलीस आणि एक हवालदार, दोघंही साध्या कपड्यांत, गाडी लांब लावून चालत आले. कुणाला कळलंही नसतं. अक्कांच्या दाराशी पोचून त्यांनी पडदा बाजूला केला आणि ते आत शिरले. छत्रीवाली नुकतीच आत गेली होती. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कंडक्टरकाकांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांच्यामागे पडदा पडलेला बघताच, एसटीचं दार लागल्यावर गाडी सोडावी तशी डबल शिट्टी मारली!

इथं टाळी पडते. मी काकांचा चेहरा करून दाखवतो, शिट्टीकडे बघून चकित झालेला. लोक लोळतात.

शिट्टीबरोबर सगळी दारं उघडली. बाया, बाप्ये, पोरं, कुणी चप्पल न घालताच तापलेल्या रस्त्यावर, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. मोबाइल वर झाले. मीही धावलो, सगळ्यांत पुढे. हवालदार बाहेर येऊन म्हणाला, "काही नाही, सगळ्यांनी घरी जावा. सरकारी औषध आहे. चला, चला." महिला पोलिसाच्या मागे अक्का उभ्या होत्या, हातात गोळ्यांचा डबा. त्यांच्या मागे, भिंतीला चिकटून, ती. छत्री दाराआड टेकवलेली.

"कसलं औषध?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "गांजाचं औषध काय?" लोक हसले.

मी अक्कांच्या हातातला डबा पाहिला. अशा डब्यातली औषधं मी माझ्या मामाच्या उशाशी पाहिली होती, लहानपणी नाही, अलीकडेच. आणि मला इतकं हलकं वाटलं, इतका आनंद झाला की अक्का निर्दोष आहेत! त्या आनंदात मी मिरवणुकीच्या आवाजात, दोन्ही हात वर करून, सगळ्या गल्लीला सांगितलं, "अहो मंडळी, ड्रग कसलं घेऊन बसलात! ही तर टीबीची औषधं आहेत! ही माणसं टीबीची आहेत!"

गर्दी मागे सरकली. सगळे एकेक पाऊल मागे गेले, आणि बायांनी पदर नाकाला लावले. मधे एक मोकळी जागा तयार झाली आणि त्या जागेतून ती बाहेर पडली, छत्री न घेता. समोरच उभ्या असलेल्या एका बाईनं तिच्याकडे पाहून म्हटलं, "अगं, ही तर आमच्या शाखेतल्या म्हातारीची सून!" शाखा म्हणजे विड्यांच्या कारखान्याची, जिथं बाया वळलेल्या विड्या जमा करतात.

मी अजून हात वर करूनच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हातारा आणि कामगार येत राहिले, खाली मान घालून. चौथ्या दिवशी अक्का आमच्या घरी आल्या. मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती, चांगली होती, त्यांनी एकही बोलू दिलं नाही. उंबऱ्यावरच उभ्या राहून म्हणाल्या, "अण्णा, मला काही झालं नाही. माझं सोडा. तिची गोळी सुटली."

"घेईल की परत..."

"असं नसतं ते. मधेच सोडलं की आजार उलटतो. मग साधी गोळी चालत नाही. तिची पोर लहान आहे." त्या बोलताना नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "घरी गोळ्या ठेवता येत नाहीत म्हणून दवाखान्यानं माझ्याकडे ठेवल्यात, रोज येऊन घेतात सगळे. सासूला कळलं तर हाकलेल, असं ती म्हणायची. म्हणून दुपारी यायची. दुपारी सगळे झोपतात ना."

हे ऐकून मी खाली बसलो. मी ज्या सवयीवरून चोर ओळखला होता, त्याच सवयीवर विसंबून ती येत होती.

दवाखान्याची माणसं तिच्या सासरी जाऊन आली होती. "ती माहेरी गेली" एवढंच उत्तर मिळालं. माहेर मोहोळच्या बाजूला.

"मी जाऊ का?" मी विचारलं.

"आवाज तुमचाच होता की," अक्का म्हणाल्या. मग घरी जाऊन हिरवी छत्री आणून माझ्या हातात दिली.

मोहोळला उतरून पुढं रिक्षानं गेलो. भर दुपार, हातात बाईची हिरवी छत्री, आणि ती उघडायची हिंमत होत नव्हती. ती अंगणात कांदे निवडत होती. मला पाहिलं आणि आधी छत्रीकडे पाहिलं.

"तुमी कशाला आलाव?"

"औषधाचं सांगायला. अक्का म्हणाल्या..."

"बसा." तिनं आतून स्टीलच्या पेल्यात पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं.

तहानेनं घसा कोरडा पडला होता. तरी मी पेला उचलायला क्षणभर, अगदी क्षणभर थांबलो. मग उचलला आणि घटाघटा प्यायलो, नको तितका घटाघटा. ती सगळं बघत होती. पुढच्या सगळ्या बोलण्यात तिनं त्याचा उल्लेख केला नाही.

तिनं मोबाइल काढला. "हे आयका." आणि तिच्या अंगणात माझा आवाज सुरू झाला. "नमस्कार मंडळी! कूलरच्या आडून आपला सेवक..." कुणीतरी ते तिच्या नवऱ्याला पाठवलं होतं, नवऱ्यानं तिला. छत्रीवालीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिची पोर, जेमतेम चार वर्षांची, कोंबड्यामागून धावत आली, आवाज ऐकून थांबली आणि खुदकन हसली. पुन्हा लाव म्हणाली.

खरं सांगतो, ते मजेदारच होतं. माझी वेळ साधण्याची पद्धत, ते थांबणं, ते एकदम 'पडद्याआड!' म्हणणं. मला माझ्या जागेवर बसवेना.

"पोरीला लई आवडतंय तुमचं," ती म्हणाली. "रोज लावायला सांगती. तिला कुटं माहीत, छत्रीवाली कोन ती."

"माझं चुकलं. मला माफ..."

"ते ऱ्हाऊ द्या. माफी घिऊन मी काय करू? गोळी खाऊन झाली तरी जायाचं कुटं? सासू म्हणती, बरी झालीस तरी घरात घेणार न्हाय, पोरगीला लागंल. डाक्टर म्हणलं हुतं, औषध चालू झाल्यावर काय दिवसांनी लागत न्हाय. माझं कोन आयकतंय?" ती पुन्हा कांद्याकडे वळली. "तुमचं लोक आयकत्यात. सासूला बोलवायला लावा. ती आली तर येते. न्हाय तर छत्री ठिवा आन् जावा."

मी छत्री ठेवायला लागलो.

"हितं नको. घिऊन जावा ती. मला बघवत न्हाय."

सासूकडे मी बायकोला आणि अक्कांना घेऊन गेलो. म्हातारी दारात तंबाखूचं सूप घेऊन विड्या वळत होती. मला बघून हातातली कात्री थांबली. "माईकवाले तुमीच न्हवं? शाखेत माझ्या बाजूला बसायला बाया तयार न्हाईत. तुमच्यामुळं. आता आनखी काय सांगायचंय गावाला?"

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. हळू आवाजात. ते मला नीट जमतही नव्हतं. म्हातारी ऐकत नव्हती, ती माझ्याकडे बघतही नव्हती. मग अक्का तिच्या शेजारी सुपापाशी जमिनीवर बसल्या, तिच्याच पानांतलं एक पान उचललं आणि विडी वळायला लागल्या. वळता वळता म्हणाल्या, "मला पण हाच आजार होता, अम्मा. तुमच्या नातीच्या जन्माआधी. पूर्ण औषध घेतलं. बरी झाले."

म्हातारीनं पहिल्यांदा मान वर केली. "नातीच्या बारशाच्या शेवया तूच केल्यास."

"मीच की."

"सगळ्या गल्लीनं खाल्ल्या."

"दोनदा वाढून घेतल्या तुम्ही."

माझी बायको हसली आणि मग रडली. मी मात्र अक्कांकडे बघत होतो. ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं कुणालाही सांगितली नव्हती, आमच्या घरीही नाही. ती आज त्यांना माझ्यामुळे सांगावी लागली. आणि म्हातारीच्या ओट्यावर आजूबाजूच्या चार बाया उभ्या होत्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत पोचणार.

पोचलीच. गौरीच्या जेवणाला अक्कांना बोलावणारी घरं त्या वर्षी कमी झाली. आमचं आधीही होतं आणि पुढेही राहील, पण आमच्या एका घरानं काय होतं?

म्हातारी स्वतः मोहोळला गेली आणि सुनेला घेऊन आली. दवाखान्यात पुन्हा तपासण्या झाल्या. मधे खंड पडल्यामुळे औषध पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी जास्त महिन्यांचं. जवळजवळ संपत आलं होतं ते, अक्का म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मी ग्रुपवर एक शेवटचा संदेश टाकला. टीबी औषधानं बरा होतो, औषध नियमित घेणाऱ्याला घाबरायचं कारण नाही, आणि माझ्याकडून मोठी चूक झाली. त्यात विनोद नव्हता. फारसा कुणी ऐकला नाही. पुण्याच्या एका पोरानं विचारलं, "काका, छत्रीवालीचा पुढचा भाग कधी?"

आणि खरा माल? तो काही महिन्यांनी सापडला. कुणीतरी गुपचूप साहेबांना फोन केला होता. पोलिसांनी आमचा पानटपरीवाला उचलला. आम्ही त्याच्याच बाकड्यावर बसून, त्याचंच पान चघळत, संशयितांची चर्चा करत होतो. त्याला आमचा सगळा तपास रोज ताजा ताजा मिळत होता. फोन कुणी केला हे गल्लीत कुणालाच माहीत नाही. मी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "नाव चारचौघांत घ्यायचं नाही, साहेबांनी सांगितलं होतं ना?" आणि भाजी निवडायला लागली. इस्त्रीवाल्याचा मुलगा आता कधीकधी कपड्यांना पाणी शिंपडून देतो.

परत एक मे महिना आला आहे. हिरवी छत्री आमच्या दाराआड खिळ्याला टांगलेली आहे. मी दोनदा अक्कांकरवी परत पाठवली, दोनदा परत आली. ती आता छत्रीशिवाय येते, डोक्यावरून पदर घेऊन, भर उन्हात, रस्त्याच्या मधून. डावीउजवीकडे बघत नाही. अक्कांनी पडदा काढून टाकला आहे, दार उघडंच असतं. ती आत जाते, तोंड पुसत बाहेर येते. औषधाचा त्रास होत असेल तर पायरीवर जरा बसते.

मी दुपारी अजूनही जागाच असतो, झोप येत नाही. काल ती पायरीवर बसली होती. ऊन सरळ तिच्या डोक्यावर. मी खिळ्यावरची छत्री काढली, दारापर्यंत गेलो. तिनं मान वर केली आणि आमच्या खिडकीकडे पाहिलं, कूलरच्या बरोबर त्या फटीकडे. मी आत सरलो. बायको मागून आली, माझ्या हातातून छत्री घेऊन परत खिळ्याला लावली आणि कूलर सरकवून फट बुजवली.

"झोपा आता," ती म्हणाली. "तिला जाऊ द्या."